उजवा हात मोडला, गाडीवाला म्हणतो गावातच मिटवू. काय करावं?

वाइंडिंगवाला_केज
नमस्कार मंडळी. बोलतोय मी, टाइप करतेय बायको, त्यामुळे शुद्धलेखन या वेळी बरं असेल.

तेवीस दिवसांपूर्वी संध्याकाळी मोटारसायकलवर अंबाजोगाईहून केजकडं येत होतो. मागं सीटवर एका शेतकऱ्याच्या सबमर्सिबल पंपाचा स्टेटर (मोटारीचा तार भरायचा भाग) बांधलेला. समोरून ऊसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, तिच्या मागून एक चारचाकी ओव्हरटेक करत सरळ माझ्या अंगावर. मी रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरलो होतो, तिथं येऊन हँडलला धडक. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली, अंगठ्याची शीर तुटली. आधी सरकारी दवाखाना, मग लातूरला खाजगीत दोन प्लेटा टाकल्या. बिल १,३२,००० झालं. त्यातले ५०,००० गाडीवाल्यानं त्याच रात्री भरले, हे खरं आहे, नाकारत नाही.

गाडीवाला शेजारच्या गावचा, आईच्या माहेरच्या भावकीतला. परवा चार माणसं घेऊन आला. म्हणतो, उरलेलं बिल देतो, वर ४०,००० देतो, पाचशेच्या बाँडवर लिहून द्या की आमची काही तक्रार नाही. पोलिसात अजून गुन्हा नाही. हवालदार दवाखान्यात आले होते, तेव्हा आमच्याच माणसांनी "बघतो, मिटवतो" म्हणून सांगितलं.

माझं वय ३४. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, मी आणि एक पोरगा. महिना पंधरा-सोळा हजार सुटत होते. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल, अंगठ्याचं सांगता येत नाही. आई म्हणते मिटव, माहेर तुटेल. मला कळंना झालंय.

बालाघाटी
सही करू नका. बाकी मंडळी सविस्तर सांगतील, पण हे आज रात्रीच सांगून ठेवतो.

उदगीरी_तूर
भाऊ, मी केलती सही. २०१८ ला. पाय मोडला होता, साठ हजार घेतले, चहा पिऊन हात जोडून उठलो. आठ महिन्यांनी एक्स-रे काढला तर हाड जुळलेलंच नाही. परत ऑपरेशन, दीड लाखाच्या वर खर्च. त्या माणसाकडं गेलो तर त्यानं कपाटातून माझाच कागद काढून दाखवला. वाईट बोलला नाही, नुसता दाखवला. पाय अजून दीड इंच आखूड आहे. हाताचं काय होणार हे वर्षभर कळत नसतं, आणि ह्यांना कागद तेवीस दिवसांत पाहिजे. घाई कामून हाय ते तुमीच समजा.

निलंगा_ते_पिंपरी
दुसरी बाजू सांगतो, रागावू नका. माझ्या चुलत्याची केस सात वर्षं चालली. तारखेला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वकील वेगळा. हातात ४०,००० मिळत असतील आणि भावकीही टिकत असेल तर विचार करायला हरकत नाही. हेल्मेट होतं का? नसेल तर कोर्ट तुमचीच चूक काढेल.

बालाघाटी
मोडलाय हात. हेल्मेट हाताला घालत असतील तर पिंपरीत घालत असतील.

रिटायर_जमादार
खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीच ठाण्यात अपघाताची कागदं करण्यात गेली. वाइंडिंगवाले, नीट ऐका.

तुम्ही ज्या सरकारी दवाखान्यात आधी गेलात तिथं एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस) नोंद झालेली असणार. अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर पोलिसांना कळवतात, म्हणून तर हवालदार आले. म्हणजे अपघात त्याच दिवशी कागदावर आलाय. तो नंबर आणि तारीख आधी मिळवा. ही तुमची पहिली वीट.

दुसरं, फिर्याद. उशीर झाला म्हणून ठाण्यात नाही म्हणत असतील तर ते बरोबर नाही. निष्काळजीपणानं गाडी चालवून गंभीर दुखापत करणं हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी नोंदवायलाच हवा असा, गुन्हा आहे. आता न्याय संहितेत कलम २८१ आणि १२५ लागतात, पूर्वीच्या आय.पी.सी.तलं २७९ आणि ३३८. उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा : ऑपरेशन झालं, हात बांधलेला, नातेवाइकांची बोलणी चालू होती. खरं कारण असेल तर नुसत्या उशिरावरून भरपाईचा दावा फेकू नये, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलेलं आहे. पण आता आणखी उशीर नको. ठाण्यात घेतलंच नाही तर एस.पी. साहेबांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या.

तिसरं, तो ट्रॉलीचा ड्रायव्हर. त्याच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. ऊस कोणत्या कारखान्याला चालला होता ते आठवतं का? हंगाम आहे तोवर तो त्याच रस्त्यावर रोज आहे. पाडव्याला एकदा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी आपापल्या गावी, मग शोधत बसाल.

तुमची मोटारसायकल दुरुस्तीला टाकली का? टाकली नसेल तर हात लावू नका. वाकलेलं हँडल, कुठल्या बाजूनं रंग घासलाय, फुटलेला इंडिकेटर, सगळ्याचे फोटो घ्या. पंचनाम्यात गाडी कोणत्या बाजूला पडली होती यावर पुढची अर्धी केस उभी राहते.

वाइंडिंगवाला_केज
गाडी अंगणात तशीच आहे. स्टेटर मात्र मालकानं नेला, त्याला पाणी द्यायचं होतं. ट्रॉलीवाल्यानंच मला उचलून रस्त्याच्या कडेला बसवलं आणि १०८ ला फोन केला. त्याचा नंबर बायकोच्या फोनमध्ये आहे, कारण घरी फोन त्याच्याच मोबाइलवरून आलता.

रिटायर_जमादार
मग देव तुमच्या बाजूनं आहे. तो फोन-नंबर कागदावर उतरवून ठेवा. मोबाइल हरवतात.

काळाकोट_अंबाजोगाई
मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करतो. इथं सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढतो. तुमच्या आईला वाटतंय की केस म्हणजे माहेरच्या माणसाच्या खिशात हात. तसं नसतं. त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा असेल (तो कायद्यानं सक्तीचाच आहे) तर भरपाई विमा कंपनी भरते. दाव्यात मालक, ड्रायव्हर आणि कंपनी असे तिघे सामनेवाले असतात, पण चेक कंपनीचा येतो. गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाका, अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का ते दोन मिनिटांत दिसतं.

मुदत. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा असं आलंय. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदत नव्हती, म्हणून जुनी माणसं "कधीही टाकता येतो" म्हणतात. त्यांचं ऐकू नका. दावा अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात टाकता येतो, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही.

आता हिशोब. तुमचं वय ३४, सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ ला गुणक १६, म्हणजे वर्षाची कमाई १६ पट धरायची. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून पुढची वाढ ४० टक्के धरतात, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं. महिना १५,००० कोर्टानं मानले तर :

१५,००० अधिक ६,००० = २१,०००. वर्षाचे २,५२,०००. गुणिले १६ = ४०,३२,०००.

यावर अपंगत्वाची टक्केवारी लागते, आणि खरी लढाई इथंच असते. समजा मेडिकल बोर्डानं १८ टक्के दिले. सरळ लावले तर ७,२५,७६०. पण वाइंडिंगवाल्याचा उजवा अंगठा आणि शिक्षकाचा उजवा अंगठा सारखा नाही. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात कोर्टानं हेच सांगितलं की अंगाचं अपंगत्व किती हे नाही, कमाई किती टक्के गेली हे पाहायचं. अंगठ्याशिवाय तुमचं काम होतच नाही हे पटवता आलं आणि ४० टक्के धरले, तर १६,१२,८०० होतात. दवाखान्याची बिलं, वेदना, बसून काढलेले महिने, पुढचं ऑपरेशन हे वेगळं.

उलटंही सांगतो. उत्पन्नाचा एकही कागद नसेल आणि कोर्टानं ९,००० च धरले, टक्केवारी १८ च राहिली, तर हाच आकडा ४,३५,४५६ वर येतो. कागदाचा फरक एवढा असतो. तरीही तो ४०,००० च्या दसपट आहे.

पिंपरीकरांना : वेळ लागतो, खोटं बोलणार नाही. पण रकमेवर व्याज मिळतं, सहसा दावा टाकल्याच्या तारखेपासून, आणि पुष्कळ दावे लोकअदालतीत आधीच तडजोडीनं निघतात. ती तडजोड कंपनीशी असते, वकील समोर असताना असते, आणि अपंगत्व कळल्यावर असते. ओट्यावरची तडजोड आणि ती, दोन्हीला एकच शब्द आहे म्हणून घोटाळा होतो.

निलंगा_ते_पिंपरी
चुलत्याची केस तुमच्याकडं पाहिजे होती. माघार घेतो.

परभणीकर_सिस्टर
मी ऑर्थो वॉर्डात आहे. वाइंडिंगवाले दादा, वहिनींना सांगते कारण कागद त्याच सांभाळणार.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, मेडिकलच्या पावत्या. मेडिकलवाल्याकडून पेशंटच्या नावाचं पक्कं बिलच घ्या, चिठ्ठीवरचा आकडा चालत नाही. थर्मल कागदाच्या पावतीवरची शाई उन्हाळाभर राहत नाही, आजच झेरॉक्स काढा. लातूरला जायच्या गाडीभाड्याचीही पावती ठेवा.

प्लास्टर निघालं की फिजिओथेरपी बुडवू नका. दुखतं म्हणून घरी बसलेले पेशंट मी रोज बघते, बोटं आखडून जातात. पुढं कंपनीचा वकील विचारतो, व्यायाम केला नाही म्हणून हात आखडला का? दर भेटीची नोंद कार्डावर करून घ्या.

अपंगत्वाचा दाखला आत्ता मागायला जाऊ नका. उपचार संपून हात स्थिर झाल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या बोर्डाकडून घ्यायचा. दावा आधी टाकता येतो ना वकीलसाहेब, दाखला मागून?

आणि एक रुखरुख. मे २०२५ पासून केंद्राची रस्ता अपघाताची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार, योजनेतल्या दवाखान्यात. कुणी सांगितली नाही का?

वाइंडिंगवाला_केज
विचारलं होतं सिस्टर. काउंटरवर म्हणले आमच्याकडं नाही, पैसे भरा. आम्ही भरले. त्या वेळी कोण वाद घालणार.

काळाकोट_अंबाजोगाई
हो सिस्टर, दावा आधी, दाखला नंतर. फक्त दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते, नुसता कागद जोडून भागत नाही.

धारूरची_लेक
मी ऊसतोड कामगाराच्या घरातली आहे. माझ्या मामाला पहाटे कोपीतून (ऊसतोड्यांच्या झोपडीतून) रस्त्यावर आल्यावर गाडीनं उडवलं आणि पळून गेली. नंबरच नाही, म्हणून काहीच मिळणार नाही असं सगळे म्हणाले आणि आम्ही गप्प बसलो. नंतर कळलं की गाडी सापडली नाही तरी सरकारची योजना आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात, मंजुरी कलेक्टरकडून. पोलिसाचा कागद मात्र लागतोच. हे इथं लिहून ठेवते. तुमचं तसं नाही, पण हा धागा कुणी तरी दुसरंही वाचेल.

मांजराकाठ
घरात सातबारा आहे का? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना बघा. खातेदार आणि घरातला एक माणूस बसतो. अर्ज तीस दिवसांत, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. तुमचे सातच दिवस राहिलेत!

काळाकोट_अंबाजोगाई
योजना चांगली आहे, पण ती अपघाती मृत्यूला, किंवा डोळा, हात, पाय कायमचा गेला तर. एक अवयव निकामी झाला तर १ लाख, दोन गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. नुसत्या फ्रॅक्चरला नाही. अर्ज देऊन पोच घेण्यानं नुकसान काही नाही, पण आशा लावून बसू नका. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा सुरक्षा विमाही तसाच, कायमच्या अपंगत्वाला. पासबुक मात्र बघा, बऱ्याच जणांचे २० रुपये कापले जातात आणि त्यांना ठाऊकच नसतं.

उदगीरी_तूर
दवाखान्याच्या गेटवर "केस लढवून देतो, आधी काही देऊ नका, शेवटी निम्मे" म्हणणारे भेटले का? मला दोघं भेटले होते. एकानं तर कोऱ्या वकीलपत्रावर सही मागितली.

काळाकोट_अंबाजोगाई
मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलाला नियमानं बंद आहे. तरी चालतं, हेही खरं, आमच्याच धंद्यातलं आहे म्हणून झाकणार नाही. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि बँकेचं पासबुक, चेकबुक दुसऱ्याच्या हातात नाही. एवढं पाळा.

वाइंडिंगवाला_केज
मंडळी, एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, सांगितली नव्हती.

गाडी मालक चालवत नव्हता. त्याचा पुतण्या होता, एकोणीस वर्षांचा, लायसन नाही. आज सकाळी मालक परत आला. या वेळी एकटाच, चार माणसं नव्हती. म्हणाला, तुला गुन्हाच नोंदवायचा असेल तर नोंदव, पण ड्रायव्हर म्हणून माझं नाव सांग, माझ्याकडं लायसन आहे, मग कंपनी पैसे देईल, तुझाही फायदा, पोराची नोकरीची भरतीही वाचेल. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, हे मला माहीत आहे. रडला तो माणूस. आई आतून ऐकत होती.

बालाघाटी
आता कळली घाई.

रिटायर_जमादार
जबाबात जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगायचं. त्याच्या घरची अडचण मला कळते, माझ्याही घरात पोरं आहेत. पण तुम्ही खोटा ड्रायव्हर सांगितला आणि उद्या ट्रॉलीवाल्यानं खरं सांगितलं, तर आरोपीच्या पिंजऱ्याजवळ तुम्ही उभे. ढाब्याचे कॅमेरे आहेत, मोबाइलचं लोकेशन आहे. कंपनीचे तपासनीस हेच उकरायला फिरत असतात.

काळाकोट_अंबाजोगाई
जमादारसाहेबांशी सहमत. खोटा ड्रायव्हर उघडा पडला की खरा अपघातही बनावट दिसायला लागतो आणि दावा जातो. मी अशी फाइल बंद होताना पाहिली आहे, त्यातल्या माणसाचा गुडघा खरोखर फुटलेला होता.

लायसन नसेल तर तुमचं सगळं संपलं असंही नाही. अशा प्रकरणात, स्वरणसिंग निकालापासून (२००४), न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी द्या आणि मालकाकडून नंतर वसूल करा. आम्ही त्याला "पे अँड रिकव्हर" म्हणतो. म्हणजे मालकावर ओझं येऊ शकतं. आईला मी वर जे सांगितलं, की त्याच्या खिशाला हात लागत नाही, ते या प्रकरणात तितकं खरं राहिलं नाही. तेव्हा माहिती अर्धी होती. आता हे त्यांच्यापासून लपवू नका.

त्यानं भरलेल्या ५०,००० ची नोंद ठेवा, कोर्टात स्वतःहून सांगा. उरलेलं बिल तो माणुसकीनं देत असेल तर घ्या, पण "उपचाराच्या खर्चापोटी मिळाले" एवढंच लिहून. "काही तक्रार नाही" हे शब्द नकोत.

धारूरची_लेक
आई काय म्हणाल्या?

वाइंडिंगवाला_केज
आज बायको नाही, डाव्या हातानं लिहितोय. चुका असतील.

काल ठाण्यात गेलो. आई सोबत आली. तीन तास बसवलं, पण फिर्याद घेतली. जमादारांनी सांगितल्यासारखं उशिराचं कारण लिहून घ्यायला लावलं. ड्रायव्हर कोण विचारलं तेव्हा मी गप्प झालो होतो. आईनंच पोराचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. बाहेर आल्यावर म्हणाली, माहेरी मी बोलीन, तू बोलू नको. रिक्षात मग एक शब्द नाही.

ट्रॉलीवाल्याशी बोललो. साक्ष देतो म्हणला, फक्त पट्टा पडायच्या आधी बोलवा.

वकीलसाहेब, उत्पन्नाचं. दुकानात बिलबुक नाही, आमच्याकडं कोण बिल मागतं. पण एक वही आहे. कोणाची मोटार, किती एचपी, किती किलो तार गेली, कोणत्या गेजची, किती घेतले, किती उधार. सहा वर्षांची आहे, वार्निशच्या डागांची. तारवाल्या दुकानदाराची जी.एस.टी.ची बिलं पण आहेत, किलोचा हिशोब जुळतो. चालंल का?

दुकानात काल पोरगा ३ एचपीचा स्टेटर भरत होता. स्लॉटमध्ये कॉइल बसवताना तार अंगठ्यानं दाबून धरावी लागते आणि बांबूची पट्टी सरकवावी लागते. मी डाव्यानं करून बघितलं. चोवीस स्लॉटपैकी दोन भरले, तिसऱ्यात तारेचं इनॅमल सोललं. पोरानं काही न बोलता परत काढली.

काळाकोट_अंबाजोगाई
वही चालेल. चालेल काय, बिलबुकापेक्षा बरी आहे. एकही पान फाडू नका, नवं काही लिहू नका, उधारीवाले दोन-तीन शेतकरी साक्षीला तयार होतात का बघा. आणि तो स्लॉटचा प्रकार पोराकडून मोबाइलवर व्हिडिओ करून घ्या, आत्ता एकदा आणि प्लास्टर निघाल्यावर एकदा. न्यायाधीशांना वाइंडिंग म्हणजे काय ते दाखवावं लागेल.

परभणीकर_सिस्टर
डाव्या हातानं इतकं लिहू नका दादा. पण बोटं हलवत राहा. उजव्याची.